घरचं छोटं काम: सिमेंट-वाळू-खडीचं प्रमाण नेमकं काय धरायचं?

बोरीकाठ | १२ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाव अमळनेरजवळ, नोकरी नाशिकला. गावी आई आणि अप्पा दोघंच. आखाजीला बहिणी माहेरी येतील, त्याआधी दोन कामं उरकायची आहेत. एक, अंगणात १५ फूट बाय १२ फूट कोबा. दुसरं, नव्या बाथरूमवर ६ बाय ८ फुटांचा स्लॅब, त्यावर ५०० लिटरची टाकी बसेल.

घाबरतोय एवढ्यासाठी की मागच्या वर्षी एप्रिलात गोठ्यात कोबा केला, त्याची दिवाळीपर्यंत भुकटी निघायला लागली. झाडू मारला की राखाडी पीठ. गवंडी म्हणतो वाळू मातीची होती. वाळूवाला म्हणतो सिमेंट कमी टाकलं. दोघांचं अजून मिटलेलं नाही, आई मात्र रोज पीठ झाडते.

आता नवा गवंडी पाहिलाय. त्याचा हिशोब असा: एक गोणी, सहा घमेली वाळू, नऊ घमेली खडी, पाणी "अंदाजाने". हे बरोबर आहे का? एकूण गोण्या किती लागतील? गवंड्याला न दुखावता मोजमाप कसं करून घ्यायचं, तेही सांगा.

---

केळीबाग_रावेर | १२ मार्च, रात्री १०:१५

भाऊ, सिमेंट जास्त टाका, विषय संपला. आमच्या पंपघराला मी गोणीला पाचच घमेली वाळू टाकायला लावली. दगड झालाय.

---

ओळंबा | १२ मार्च, रात्री ११:०५

बोरीकाठ, आधी दोन प्रश्न. गोठ्याचा कोबा करताना माल किती पातळ होता? आणि वरून सुकं सिमेंट भुरभुरून थापी मारली होती का?

(३० वर्षं साइटवर काढली, आता जळगावला घरीच असतो.)

---

बोरीकाठ | १३ मार्च, सकाळी ७:२०

माल पातळ होता, घमेल्यातून ओतला की आपोआप पसरत होता. गवंडी म्हणाला, बघा कसा लोण्यासारखा आहे. वर पाणी तरंगायला लागलं तेव्हा अर्धी गोणी सुकं सिमेंट भुरभुरलं आणि घोटून काढलं. आरशासारखा झाला होता. पाणी दोन दिवस मारलं.

---

ओळंबा | १३ मार्च, सकाळी ९:३०

मग वाळूवाला आणि गवंडी दोघांनाही सोडा. तुमची भुकटी पाण्याने केलीय.

सिमेंटला स्वतःची क्रिया पुरी करायला गोणीमागे साधारण २० लिटर पाणी पुरतं. त्यावर टाकतो ते सगळं माल हलवता-पसरवता यावा म्हणून. हे जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि जाताना आत बारीक पोकळ्या ठेवून जातं. थोडं वर तरंगतं, सोबत सिमेंटची साय आणि वाळूतली माती आणतं. त्या तरंगत्या पाण्यावर सुकं सिमेंट टाकून घोटलं की वरचा थर पाहायला गुळगुळीत, आतून कच्चा. वर एप्रिलचं ऊन आणि दोन दिवसांची तराई! आरसाच होता तो, फक्त काच पातळ होती.

पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद ठरते, हे डफ एब्रम्स या अमेरिकन माणसाने १९१८ साली मांडलं. शंभर वर्षं उलटली, पण आपल्याकडे वाद अजून "सहा घमेली की पाच" यावरच होतो. गोणीमागे पाणी २५ लिटरवरून ३५ वर गेलं की ताकदीचा तिसरा हिस्सा तरी गेला समजा. सिमेंट तेवढंच, वाळू तीच.

आता प्रमाण. स्लॅबला लोखंड आहे, म्हणून एम-२० या ताकदीच्या दर्जाखाली यायचं नाही, म्हणजे सिमेंट-वाळू-खडी १ : १.५ : ३. कोब्याला १ : २ : ४ चालेल. ही प्रमाणं मापाची आहेत, वजनाची नाहीत. ५० किलोची गोणी मापाने ३५ लिटर भरते. म्हणून साइटवर ३५ सेंमी लांब, २५ रुंद आणि ४० उंच असा लाकडी किंवा पत्र्याचा फरमा करतात. एक फरमा म्हणजे एक गोणी. स्लॅबला गोणीमागे दीड फरमा वाळू, तीन फरमे खडी.

केळीबाग, तुमचं पंपघर टिकेल, पण सिमेंट जास्त म्हणजे दगड असं गणित नाही. सिमेंट वाढवलं की माल आकसतोही जास्त, उन्हाळ्यात बारीक चिरा पडतात. तुमच्या खिशालाही पडलीच असेल.

---

केळीबाग_रावेर | १३ मार्च, सकाळी १०:०२

पडली आहे. दोन्हीकडे. 😄

---

चष्मिष | १३ मार्च, दुपारी १:१०

रेडीमिक्स, म्हणजे गाडीतून येणारं तयार काँक्रीट, मागवा की. एवढी डोकेफोड कशाला.

---

भुसावळची_ताई | १३ मार्च, दुपारी २:४५

चष्मिष, त्यांचं काम दीड-दोन घनमीटरचं. एवढ्याशा मालासाठी ती गाडी कोण पाठवतं? आणि पाठवली तरी गावाच्या गल्लीत वळणार कुठे?

बोरीकाठ भाऊ, गवंड्याला न दुखावता कसं, हे मी सांगते. आमच्या वरच्या मजल्याच्या वेळी मिस्टर रेल्वेत ड्युटीवर, साइटवर मी. रंगाच्या २० लिटरच्या दोन बादल्या घेतल्या, आत ऑइलपेंटने रेघ मारली. एका गोणीला एक बादली काठोकाठ आणि दुसरी रेघेपर्यंत, बस. पाण्याचा पाइप सरळ बंद करून ठेवला. मिस्तरी हसला, म्हणाला ताई, हा काय स्वयंपाक आहे का मापून पाणी घालायला? म्हटलं, भाऊ, कळण्याच्या पिठात पाणी जास्त झालं तर भाकरी थापता येत नाही. तुमचं बरं आहे, पाणी जास्त झालं तरी थापता येतं आणि मजुरीही मिळते. त्यानंतर बादली त्याने स्वतःच सांभाळली.

छत्री आणि स्टूल मात्र घेऊन बसा. भुसावळचं ऊन मस्करी करत नाही, अमळनेरचंही करणार नाही.

---

थापीवाला_बापू | १३ मार्च, रात्री ८:३०

राम राम. मी शिरपूरकडला. चाळीस वरीस थापी हातमा शे. ओळंबा साहेबनं खरं शे, पन एक गोट सांगतस नही कोनी. पानी कोन टाकस? बिगारी टाकस. कसाले? घट्ट माल वढाले भारी जास, पाठ मोडस. पातळ माल सोता पळस. त्यानी चूक नही भाऊ. रोज तितलाच आनि माल दुप्पट भारी.

म्हणून मी काय करतो ते मराठीत सांगतो, पोरं वाचतील. घट्ट माल पाहिजे तर एक बिगारी जास्तीचा लावा आणि व्हायब्रेटर भाड्याने आणा. छोट्या स्लॅबला सुईचा व्हायब्रेटर पुरे. तो नसला तर सळईने टोचून आणि फळीला ठोकून हवा काढा. मालक एका माणसाची मजुरी वाचवतो अन् मग म्हणतो गवंड्याने पाणी ओतलं.

मना बाप धाबाना घरे बांधे. माती कालवतानाही पाणी बेतानंच टाके. धाबं गळलं तर रातले घरधनी त्यालेच उठाडे.

---

ओळंबा | १३ मार्च, रात्री ९:१५

बापू, पटलं. हे मला साइटवर असताना कोणी सांगितलं असतं तर चार भांडणं वाचली असती.

---

बोरीकाठ | १४ मार्च, सकाळी ८:००

बापू, बिगारी एक जास्तीचा धरला. ओळंबा काका, एक शंका. वाळू उद्या येईल, गिरणेची म्हणतोय. ओली असते. दीड फरमा म्हणजे ओली वाळू की कोरडी? आणि माती आहे की नाही हे घरी कसं बघू?

---

ओळंबा | १४ मार्च, सकाळी १०:४०

इथेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून सावकाश सांगतो.

थोडी ओली वाळू फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पडदा बसतो, तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. चार-पाच टक्के ओल असली की वाळू मापाने २०-३० टक्के जास्त दिसते, बारीक वाळू तर आणखी फुगते. गंमत अशी, की पुरती भिजवली की ती परत बसते आणि कोरड्या वाळूएवढीच जागा घेते. म्हणजे ओलसर वाळू फरम्याने मोजली तर दीड फरम्यात वाळू भरते सव्वा फरम्याच्या आसपास. मग माल खरखरीत होतो, खडी उघडी पडते, गवंडी पाणी मागतो. त्याला वाटतं पाणी कमी, खरं तर वाळू कमी असते.

तपासायचं असं. सरळ उभ्या बाजूचा डबा घ्या. ओली वाळू सैल हाताने २० सेंमी उंचीपर्यंत भरा. ती घमेल्यात काढून ठेवा. डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी घाला, वाळू हळूहळू परत सोडा, काडीने ढवळा. बसल्यावर उंची १६ सेंमी भरली तर वाळू २५ टक्के फुगलेली होती. मग दीड फरम्याऐवजी पावणेदोन फरम्याला थोडी जास्त घ्यायची. आणि वाळूतली ती ओल पाण्याच्या मापातून वजा करायची. गोणीमागे साधारण ८० किलो वाळू, त्यात ५ टक्के ओल म्हणजे ४ लिटर पाणी तुम्ही न ओतताच मालात गेलं.

मातीसाठी काचेची बरणी. अर्धी वाळू, पाऊण उंचीपर्यंत पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवून द्या. वाळूवर गाळाचा वेगळा थर बसेल. १० सेंमी वाळूवर ८ मिलिमीटरपर्यंत गाळ चालतो. जास्त असेल तर ट्रॅक्टर रिकामा करण्याआधीच परत पाठवा. वाळू एकदा अंगणात पडली की तुमची.

पाण्याचं सांगायचं राहिलं. स्लॅबच्या मालाला वाळूतली ओल धरून गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर. मी २५ ते २७ मध्ये बसवतो. पाणी पिण्याचं असेल तर प्रश्न नाही. बोरचं पाणी जिभेला खारं लागत असेल तर लोखंडाच्या कामाला वापरू नका, टँकर मागवा.

---

एरंडोलकर | १४ मार्च, दुपारी १२:२०

नदीची वाळू मिळतेय हेच भाग्य म्हणा. आमच्याकडे क्रश सँडच घ्यावी लागते. तिचं कसं?

---

ओळंबा | १४ मार्च, दुपारी १२:५५

क्रश सँड उत्तम चालते, फक्त ती धुतलेली असावी. खडी क्रशरची डस्ट "क्रश सँड" म्हणून गळ्यात मारतात, ती घेऊ नका. मुठीत दाबून सोडली आणि तळहात पिठाने माखला तर समजा डस्ट आहे. क्रश सँडचे कण कोनेरी असतात, माल जरा खरखरीत वाटतो, म्हणून मिस्तरी कुरकुर करतात. खडी आपल्या काळ्या पाषाणाची कुठेही चांगलीच मिळते. २० मिमी आणि १० मिमी मिसळून घ्या, साधारण साठ-चाळीस. चपटी, पापडासारखी खडी दिसली तर बदलून मागा. धुळीने पांढरी झालेली असेल तर आदल्या दिवशी धुऊन ठेवा, उन्हात गारही राहते.

---

चष्मिष | १४ मार्च, दुपारी ३:३०

बरं, रेडीमिक्स मागे घेतो. पण त्यांनी गोण्या किती लागतील विचारलं होतं, ते कोणीच सांगितलं नाही. मी मांडतो, चुकलं तर कान धरा.

स्लॅब ६ × ८ फूट, जाडी ४ इंच, म्हणजे १६ घनफूट. १ : १.५ : ३ मध्ये एका गोणीत सुमारे ४.४ घनफूट तयार माल निघतो, कारण कोरडा माल ओला झाल्यावर बसतो. थोडी नासाडी धरून ४ गोण्या. वाळू साडेसात घनफूट, खडी १५.

कोबा १५ × १२, जाडी ३ इंच, म्हणजे ४५ घनफूट. १ : २ : ४ मध्ये गोणीला साडेपाच घनफूट, तेव्हा नासाडी धरून साडेआठ, म्हणजे ९ गोण्या. वाळू २१, खडी ४२.

वाळू फुगवटा धरून ३५-३६ घनफूट, खडी ५७. ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्या हिशोबाने वाळू एक तृतीयांश ब्रासहून किंचित जास्त आणि खडी अर्ध्याहून थोडी जास्त. तुमच्या गवंड्याने किती सांगितलंय?

---

बोरीकाठ | १४ मार्च, दुपारी ४:१०

वाळू एक ब्रास, खडी एक ब्रास. उरली तर पुढे कामाला येते म्हणाला.

---

भुसावळची_ताई | १४ मार्च, दुपारी ४:२५

हो, त्याच्याच पुढच्या कामाला. 😄

---

थापीवाला_बापू | १४ मार्च, संध्याकाळी ६:५०

समदे सारखे नसतस ताई. पण आकडा जास्तीचा आहे, ते कबूल.

आते कोबानं ऐका. अंगण काळ्या मातीचं असेल तर प्रमाण कितीबी चांगलं ठेवा, कोबा फाटणार. काळी पावसात फुगस, उन्हाळ्यात भेगाळस. दीड फूट काढून टाका, मुरूम भरा, सहा-सहा इंचाचे थर, पाणी मारून धुमसा. मग कोबा. आणि एकसंध ओतू नका, काचपट्टी किंवा फळी लावून चार तुकडे करा. चीर पडायचीच असेल तर ती पट्टीवरून पडेल, मनाला येईल तिथून नाही. उतार गटाराकडे, दहा फुटाला दीड इंच तरी.

---

बोरीकाठ | १४ मार्च, रात्री ९:३०

माती काळीच आहे. तुम्ही सांगितलं नसतं तर थेट ओतून मोकळा झालो असतो.

स्लॅबचं लोखंड गवंडी म्हणतो "आठची सळई, अंदाजाने".

---

ओळंबा | १४ मार्च, रात्री ९:५०

लोखंडाचं इथे विचारू नका. डोक्यावर पाण्याची टाकी येणार आहे. तालुक्यातल्या एखाद्या इंजिनियरला जागा दाखवा, अर्ध्या तासाचं काम आहे. मी फक्त एवढंच सांगेन, की सळई फळीला टेकलेली राहू देऊ नका. खाली २० मिमी उंचीचे सिमेंटचे ठोकळे ठेवा. खडीचे तुकडे ठेवतात, ते बिगारीचा पाय लागला की सरकतात.

आणि ऊन. मार्चअखेरीला दुपारी माल ओतायचा नाही, पहाटे सुरू करा, नऊच्या आत संपवा. आदल्या संध्याकाळी खडी भिजवून ठेवा. फळ्या आणि मुरूम ओला करा, नाहीतर ते मालातलं पाणी पितात. वरची चकाकी गेली की लगेच ओलं बारदान, त्यावर प्लास्टिक. गोणीवर पीपीसी लिहिलेलं असेल, म्हणजे त्यात राख मिसळलेली आहे, आपल्या दीपनगरसारख्या विजेच्या कारखान्यातून निघते ती. राखेचं सिमेंट चांगलंच, पण ते सावकाश पिकतं. तराई १४ दिवस, एक दिवसही कमी नाही. टेकूही तेवढेच दिवस राहू द्या, घाई नको.

---

केळीबाग_रावेर | १५ मार्च, सकाळी ६:४०

तराईला माझी युक्ती चालेल का? पंपघराच्या स्लॅबवर बारदान टाकून त्यावर जुनी ठिबकची नळी वळवून ठेवली. कॉक जरासा उघडा. चौदा दिवस बारदान वाळलं नाही आणि मी शेतात मोकळा. केळीची वाळकी पानंही टाकून पाहिली, ती वाऱ्याने उडून शेजाऱ्याच्या गव्हात गेली.

---

ओळंबा | १५ मार्च, सकाळी ८:१५

ठिबकने तराई! माझ्या नोकरीत कधी सुचलं नाही. बेलाशक करा, फक्त कडांना पाणी पोचतंय ना बघा.

---

बोरीकाठ | २ एप्रिल, रात्री १०:००

उशिरा कळवतोय, रजेवर गावीच होतो. झालेलं सांगतो.

पहिला ट्रॅक्टर परत पाठवला. बरणीत १० सेंमीवर १५ मिमी गाळ निघाला. ट्रॅक्टरवाला आधी चिडला, मग बरणी हातात घेऊन स्वतःच बघत बसला. दुसरी वाळू ६ मिमी. फुगवटा २५ टक्के निघाला, काका म्हणाले होते तसाच.

गवंड्याचं घमेलं मोजलं. सपाट भरलं तर साडेअकरा लिटर, आणि त्याच्या पद्धतीने शीग लावून भरलं तर पंधरा. तो म्हणाला मी सपाटच धरतो, बिगारी म्हणाला मी शिगेनं भरतो. मग फरमाच वापरला. सुताराने अर्ध्या तासात करून दिला.

स्लॅब २८ मार्चला पहाटे सव्वासहाला सुरू केला. दोन गोण्यांपर्यंत सगळं नीट. तिसरीचा माल मिक्सरमधून निघाला आणि चहा आला. चहा, मग तंबाखू, मग कोणाच्या तरी लग्नाची बोलणी. पाऊण तास गेला, माल ताठ झाला. गवंड्याचा हात बादलीकडे गेला. मी ओरडलो नाही, ताईंची भाकरी सांगितली. तो हसला. उरलेला माल स्लॅबवर न टाकता फाटकाच्या पायरीखाली भरला. त्यामुळे स्लॅबला गोणी एक जास्त लागली, साडेतीनशेच्या वर पैसे गेले, पण चालेल.

तराई ठिबकने चालू आहे. अप्पा सकाळ-संध्याकाळ शिडीवर चढून बारदानाला हात लावून बघतात, आई खालून ओरडते.

कोबा काल केला, मुरूम भरून, चार तुकड्यांत. सुकं सिमेंट भुरभुरू दिलं नाही. रात्री गल्लीतलं कुत्रं चालत गेलं, चार पाय उमटले. गवंडी म्हणाला खरडून माल लावतो. आई म्हणाली, लावू नका, भाच्यांना दाखवू.

एक गोणी शिल्लक आहे, फोडलेली. पावसाळ्यात गच्चीची डागडुजी करायची आहे, तोवर ठेवू का?

---

केळीबाग_रावेर | ३ एप्रिल, सकाळी ६:३०

नका ठेवू. मी चार महिने गोठ्यात जमिनीवर ठेवली होती. फोडायला सब्बल लागली.

---

थापीवाला_बापू | ३ एप्रिल, सकाळी ७:४५

बंद गोणीबी तीन महिन्यांनी नरम पडस, फोडेल तर इचारूच नका. म्हशीना गव्हाणीना कठडा फुटेल व्हई, गावमा कोना गोठामा फुटेल नही? आजच लाई टाका. चौदा दिन पानी मारा.

---

बोरीकाठ | ३ एप्रिल, सकाळी ८:१०

बापू, तुम्हाला कसं कळलं? खरंच फुटलाय. आजच लावतो.